नवरदेवाची गरमी

पोस्टकार्ड हा प्रकार सरकारनं नेमका कोणासाठी काढला, यावर मी बरंच चिंतन केलं आहे. लिहिणाऱ्यासाठी तर नाहीच, कारण त्यात मनातलं मावत नाही. ज्याला लिहिलं त्याच्यासाठीही नाही, कारण त्याच्या हाती पडेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. पोस्टकार्ड हे पोस्टमनसाठी असतं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या सौंदडचा पोस्टमन मनिराम स्टेशनवरून निघताना कार्ड वाचायला घेतो आणि आमच्या दारी येईपर्यंत त्याचं तोंड त्या मजकुरासारखं झालेलं असतं. कोणाकडे मुलगा झाला, कोण वारलं, हे आम्हाला कार्डाच्या वीस पावलं आधी कळतं.

सन अडतीसच्या वैशाखात एके दिवशी त्याचं जे तोंड होतं ते मात्र मला ओळखता आलं नाही. ना मुलगा, ना मरण. त्यानं कार्ड उपडं करून ओट्यावर ठेवलं, वर एक खडा ठेवला आणि पाणीसुद्धा न मागता निघून गेला. मनिराम पाणी न पिता गेला तेव्हाच खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. पण मी नुकतीच सातवी पास होऊन आठवीत गेलेली, गोंदियाच्या बोर्डिंगातून सुट्टीत घरी आलेली, आणि वर प्रथमोपचाराचं शिक्क्यासहित सर्टिफिकेट मिळवलेली मुलगी होते. अशा मुलीला कार्ड दिसलं की ती मोठ्यानं वाचते.

कार्ड माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे रुख्माताईच्या, होणाऱ्या सासऱ्यांचं होतं. गोंदियाचे दुलीचंद. किराण्याचं दुकान. आमच्याच जातीचे, पण त्यांचं घर हिंदी शाळेत शिकलेलं, त्यामुळे पत्र हिंदीत. लग्नाला पंधरा दिवस उरले होते. घरात बाबा, आई, ताई आणि आरशासमोर दादा असे सगळे होते. मी बोर्डिंगच्या निर्मलाबाईंनी शिकवल्याप्रमाणे मान ताठ ठेवून, शब्द सुटा सुटा करून वाचलं:

"आगे समाचार यह है कि चिरंजीव श्यामलाल को गरमी हो गई है. पूरे बदन पर दाने निकल आए हैं. वैद्यजी कहते हैं कि महीना भर आराम चाहिए. सो शादी की तिथि आगे बढ़ाने की कृपा करें."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर मला ऐकू आला.

आता, आमच्याकडे ऊन लागतं, अंग तापतं, जीव घाबरा होतो. पण गरमी? गरमी एकच असते. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, जे पान बोर्डिंगात आम्हाला घडी घालून देतात, त्यावर तिची औषधं छापलेली असतात. ते दुखणं बाहेरख्याली पुरुषाला होतं आणि त्याचं नाव बायका घेत नाहीत. ते काय असतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नव्हतं. आईच्या हातातलं सूप तिरपं झालं आणि तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले. बाबांनी माझ्या हातून कार्ड घेतलं, उलटवलं, आणि तिकिटावरच्या राजाच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले, जसं काही हे त्यानंच केलं.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते दादानं. माझा मोठा भाऊ शालीकराम एका राइस मिलसाठी धान खरेदी करायचा. रायपूर, बिलासपूर, एकदा तर कलकत्ता. मनगटावर घड्याळ, केसांना कलकत्त्याचं तेल. केसांचं म्हणाल तर मागल्या वर्षी ते पुंजक्यापुंजक्यांनी गळाले होते, तेव्हापासून त्याला त्यांची फार काळजी. तो आरशासमोरून वळला आणि म्हणाला, असल्या घरी मी माझी बहीण देणार नाही, आपली काही इज्जत आहे की नाही. फार छान म्हणाला. आम्हा सगळ्यांना इज्जत असल्यासारखं वाटलं.

मनिराम अजून गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोवर शेजारच्या सुमित्राबाई हळद मागायला आल्या. त्यांच्या घरची हळद वाईट बातमीच्या दिवशीच संपते. इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी करून त्या आईजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "काऊन मोडता व धुरपताबाई? होऊन जाऊ द्या लगन. बायको आली का मानसाची गरमी आपोआप उतरते. असे गंज मानसं पाह्यले म्या."

यावर मला गप्प बसवेना. निर्मलाबाई या आमच्या बोर्डिंगच्या नर्सबाई. त्यांनी आम्हा मोठ्या मुलींना सहा व्याख्यानं दिली होती. पाच खरचटणं, भाजणं, साप वगैरे. सहावं दार लावून. त्या सहाव्यात मी इतकी हादरले होते की सगळं पाठ झालं होतं. मी सुमित्राबाईंना ते सगळं सांगितलं. की आधी एक फोड येतो, तो दुखत नाही, म्हणून माणूस दाखवत नाही. की तो आपला आपण जातो, म्हणून माणूस बरा झालो समजतो. की मग अंगावर पुरळ येतं, तळहातांवरसुद्धा, केस झडतात, तेही थांबतं, आणि रोग रक्तात दडून बसतो. की बायको आल्यानं तो उतरत नाही, बायकोला होतो, आणि तिच्या पोटातल्या लेकराला होतो. आणि की तो आहे की नाही हे तोंड पाहून नाही, रक्त तपासून कळतं.

मी थांबले तेव्हा सुमित्राबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू दावणीची शेळी बोलायला लागली. आई म्हणाली, "पोट्टे, अंदर जाय."

अंदर ताई बसली होती. नव्या पातळाला काठ शिवत होती. सुई एकाच ठिकाणी खुपसून ठेवलेली. माझी ताई अठरा वर्षांची, आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलते. त्यातलं एक तिनं तेव्हा खर्च केलं. म्हणाली, "त्याले कोनी इचारलं का?"

हा प्रश्न मला पुरुषांच्या इज्जतीपेक्षा बरा वाटला. कारण गोष्ट अशी होती: लग्न होऊ द्यावं, तर ताईच्या जन्माचा सत्यानाश. मोडावं, तर का मोडलं हे चारचौघांत सांगता येत नाही. आणि कारण सांगता आलं नाही की ते लोक मुलीत शोधतात. पंधरा दिवसांवरचं लग्न मोडलेल्या मुलीला आमच्याकडे दुसऱ्यांदा पाहायला कोणी येत नाही. बाबांनी दोन दिवस विचार केला. सगळ्यांचा सल्ला घेतला, स्टेशनमास्तरांनासुद्धा "एका मित्राचा प्रश्न आहे" म्हणून विचारलं. फक्त सर्टिफिकेटवाल्या माणसाला विचारलं नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी, जेवताना, ताटाकडे पाहत ते मला म्हणाले की ते रक्ताचं तू काय सांगत होती?

गोंदियाला निघालो आम्ही तिघं. बाबा, इज्जतीसाठी दादा, आणि मी, कारण निर्मलाबाईंशी तसल्या विषयावर बोलायचं म्हटलं की बाबांना घाम फुटत होता. आमची छोटी गाडी, म्हणजे छोट्या रुळांवरची, अशी चालते की वाटेत उतरून बोरं वेचून पुन्हा चढता यावं. तिच्यात कोणी गप्प बसू देत नाही. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, कुठं निघाले? दवाखान्यात, असं बाबांच्या तोंडून निघून गेलं. कायले? बाबांनी डब्यातल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, दाढ.

हे त्यांनी करायला नको होतं. त्या डब्यात दाढ नसलेला असा एकही मनुष्य नव्हता. एकीनं लवंग काढून बाबांच्या गालात ठेवली. एकानं तंबाखूची राख चोळायला सांगितली. आणि समोरचे गृहस्थ, जे स्वतः दाढा उपटत असत असं मागाहून कळलं, ते बाबांच्या तोंडात दोन बोटं घालून प्रत्येक दाढ हलवून पाहत होते आणि "ही का? ही का?" विचारत होते. बाबांनी शेवटी एका दाढेला होकार दिला, नाहीतर ते थांबले नसते. गोंदियाला उतरलो तेव्हा ती दाढ खरोखर दुखत होती.

दुलीचंदांनी आमचं फार प्रेमानं स्वागत केलं. आता तुम्हीच विचार करा, बाबांनी काय विचारावं? ते गाल धरून म्हणाले की कार्ड मिळालं, मुलाच्या तब्येतीचं ऐकून काळजी वाटली. दुलीचंद हसले.

"अरे समधीजी, उसमें काळजी क्या? गरमी तो हमारे यहाँ खानदानी है. मेरे बाप को होती थी. मुझे हर साल होती है. ब्याह होके आई तब से इसकी माँ को भी होने लगी."

बाबांचा सरबताचा पेला तोंडापाशी थांबला.

"और छोटी को तो झूले में ही हो गई थी," दुलीचंद कौतुकानं म्हणाले. मुलतानी माती लावायची, आंब्याचं पन्हं पाजायचं, एक पाऊस पडला की सगळं साफ. मी जिथं बसले होते तिथून त्या घरातली सगळी माणसं दिसत होती: सासूबाई, एक आत्या, दोन लहान पोरं. मी प्रत्येकाकडे पाहून हादरत होते. पावसानं साफ होतं हे निर्मलाबाईंनी सांगितलं नव्हतं.

इतक्यात श्यामलाल बाहेर आला. कंबरेपासून कपाळापर्यंत मुलतानी माती. रंग द्यायच्या आधीचा गणपती जसा दिसतो तसा. आम्हाला पाहून तो लाजला, आणि लाजल्यामुळे मातीला भेगा पडल्या. आता दुसरं कोणी काही करेना म्हणून मी उठले आणि म्हटलं, "हात दाखवा."

त्यानं दाखवले. उलटे करा. केले. तळहात स्वच्छ. आ करा. त्या भल्या माणसानं आ केला. जिभेवर काही नाही, गालात काही नाही. सासूबाई म्हणाल्या, लडकी डॉक्टरनी बनेगी क्या? मी सर्टिफिकेटचा उल्लेख करणार, एवढ्यात दादाला इज्जतीची आठवण झाली. तो उभा राहिला आणि म्हणाला की आम्ही आडपडदा ठेवत नाही, तुमच्या मुलाला गरमीचा रोग आहे असं तुम्हीच लिहिलं, तर त्याचं रक्त तपासल्याशिवाय लग्न नाही.

दुलीचंदांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. ते म्हणाले की गरमी म्हणजे गरमी, वर सूर्य आहे त्याची! घामोळ्या! तुम्ही ज्याचं बोलता त्याला आम्ही आतशक म्हणतो, आणि ती आमच्या सात पिढ्यांत कोणाला झाली नाही! आत्याबाई पोरांना घेऊन आत पळाल्या. सासूबाईंना आपल्याविषयी आतापर्यंत काय समजलं गेलं हे उमगलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले की मग झालं, गैरसमज होता. पण दादा बसेना. तो म्हणाला, सांगायला काय, कोणीही घामोळ्या म्हणेल. दुलीचंदांनी दाराकडे बोट दाखवलं.

ताईचं लग्न तिथंच मोडलं असतं. पण मातीतून आवाज आला.

"बाबूजी, जाँच ही तो है. शक रखके शादी करने से तो अच्छा." मग तो दादाकडे वळून हसला. "आप भी चलिए साले साहब. अकेले सुई चुभवाने में क्या मज़ा?"

दादानं तिथल्या तिथं बाही वर केली. छाती पुढे काढून. घड्याळसुद्धा चमकलं.

निर्मलाबाईंनी चिठ्ठी दिली ती एका धर्मादाय दवाखान्याची. तिथले कंपाउंडर ईश्वरदास हे नियमांचे भक्त होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं ओरडले, "गरमीवाले इस बेंच पर!" वैशाखातली दुपार होती. ओसरीवरचे निम्मे रोगी उठून त्या बाकावर आले. एक छत्रीवाले म्हातारे, एक मुनीम, तान्हं घेतलेली एक बाई, डोक्यावर ओला पंचा ठेवलेले दोघं. ईश्वरदासांनी न बघता सगळ्यांची नावं त्या खास वहीत उतरवली. डॉक्टर बाहेर आले, बाक पाहिला, वही पाहिली, आणि डोक्याला हात लावून म्हणाले की एका दिवसात इतके? छत्रीवाल्या म्हाताऱ्यांना जेव्हा कळलं की ही वही कसली, तेव्हा त्यांनी छत्री मिटली आणि ईश्वरदासांच्या मागे लागले. त्यांचं नाव खोडण्यासाठी वेगळा अर्ज लागतो, हे ईश्वरदास पळता पळता सांगत होते.

मग फॉर्म. नाव, वय, धंदा इथपर्यंत ठीक. पुढं खण होता: रोग कोणापासून लागला?

"सूरज से," श्यामलाल म्हणाला.

ईश्वरदासांनी लिहून घेतलं. "कौन सूरज? पूरा नाम बोलो."

दादाचा फॉर्म त्याहून कठीण. त्याला रोगच नाही म्हटल्यावर ईश्वरदास म्हणाले की रोगाशिवाय तपासणीचा फॉर्म भरता येत नाही, रोग आणा. बऱ्याच वादानंतर रोगाच्या खणात "शंका" असं लिहायचं ठरलं. कोणाला शंका? दादा चिडला. शेवटी "होणाऱ्या मेहुण्याला" असं लिहिलं गेलं. रक्त तपासायला नागपूरला जायचं, आणि ईश्वरदासांचं अक्षर तिथं कोणाला लागत नाही, अशी तक्रार होती, म्हणून बाटल्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. वळणदार. श्यामलालनं हात पुढे केला, रक्त दिलं, पुन्हा बाही सोडली. दादानं हात पुढे केला, सुई पाहिली आणि आडवा झाला. माझ्या सर्टिफिकेटचा तो एकुलता एक उपयोग. मी पाय उंच केले, श्यामलालनं फॉर्मानं वारा घातला. नागपूरहून जबाब यायला दहा-बारा दिवस, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत दादानं सगळ्यांना सांगितलं की उन्हानं चक्कर आली.

बाराव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी बाबांना आणि दादाला आत बोलावलं, आणि मी बोलावल्याशिवाय गेले. ते म्हणाले की श्यामलालच्या रक्तात काही नाही. अगदी साफ. मी हसले. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि दादाकडे पाहून विचारलं की कधी एखादा फोड आला होता का, न दुखणारा?

दादा घड्याळाकडे पाहू लागला. ते बंद पडल्यासारखं पाहत होता.

बाबांना ते समजलंच नाही. समजल्यावर ते म्हणाले की बाटल्या बदलल्या. चिठ्ठ्या कोणी लिहिल्या? पोट्टीनं! झालं. एका मिनिटात माझ्या सात वर्षांच्या शिक्षणाचा निकाल लागला. मी शपथा घेतल्या, वळणदार अक्षर दाखवलं, पण मनातून मलाही वाटत होतं की देवा, बदललेल्याच असू दे. माझी चूक असू दे. सर्टिफिकेट परत घेतलं तरी चालेल. पुन्हा रक्त द्यायचं ठरलं, आणि श्यामलालला बोलवावं लागलं. तो दुकानातून तसाच आला, हाताला गुळाचा वास. कशाला म्हणून त्यानं विचारलं नाही. दादाकडे एकदा पाहिलं आणि बाही वर केली.

या वेळी चिठ्ठ्या डॉक्टरांनी स्वतः लिहिल्या. जबाब तोच आला.

दादा त्या दिवशी परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर पाहत, बाबांना नाही, मला म्हणाला, "दोन सालाआधी. रायपूरले. दुखतच नोयता तं कायले दाखवू? तीन हप्त्यात गेला. मले वाटलं सरलं." मग डोक्यावरून हात फिरवून, "केसबी त्याच्यानंच गेले का व शामे?"

मी हो म्हटलं. सहावं व्याख्यान मी शेळीसारखं सुमित्राबाईंना म्हणून दाखवलं होतं, आणि ज्याच्यासाठी ते होतं तो तेव्हा त्याच खोलीत भांग पाडत उभा होता. त्याचे झडलेले केस मी स्वतः झाडून काढले होते. एवढी हादरून मी कधी बसले नाही. गोंदियाच्या माणसाचे तळहात उलटेपालटे करणारी मी.

आईला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. तिनं दादाचा लोटा वेगळा काढला. मी म्हटलं, आई, लोट्यानं नाही होत. ती म्हणाली, माहीत आहे तुले सगळं. चार दिवस तो लोटा वेगळा राहिला. पाचव्या दिवशी मी पाहिलं, तिनं त्यातलंच पाणी प्यायलं आणि तो बाकीच्या लोट्यांत ठेवून दिला.

आता लग्न त्यांच्या हातात होतं. ज्यांच्या सात पिढ्यांवर आम्ही आळ घेतला, त्यांना आमच्या एकाच पिढीत ते सापडलं होतं. आई म्हणाली, सांगायचं कायले, श्यामलालले माहीत आहे तेवढं पुरे. बाबाही तसंच म्हणत होते. तेवढ्यात श्यामलाल स्वतः सकाळच्या गाडीनं आला. घामोळ्या बऱ्या झाल्या होत्या. मातीशिवाय तो चांगला दिसत होता, हे मी ताईला नंतर सांगितलं. त्यानं बाबांना म्हटलं की मी घरी काही बोललो नाही, तुमची इच्छा नसेल तर बोलणारही नाही.

दाराआडून ताई बोलली. त्या दिवसाची उरलीसुरली सगळी वाक्यं एकदम.

"नाही. तुमच्या घरच्याईले सांगा. मंग त्याईले पटलं तं लगन. आमी तुमच्यावर संशय घेतला तवा तुमी लपवलं नाही. आता आमी लपवून तुमच्या घरात येऊ? तसं नाही येनार मी."

श्यामलाल उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ठीक है," आणि जेवायलाही न थांबता उलट्या गाडीनं गेला.

दुलीचंद दुसऱ्या दिवशी आले. बाबा त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले. दुलीचंद ओट्यावर बसले, पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोलायला त्यांच्याजवळ खूप होतं आणि तो त्यांचा हक्क होता. आम्ही सगळे खाली माना घालून वाट पाहत होतो. दादा तर खांबाला टेकून उभा होता, तेल न लावता.

दुलीचंदांनी त्याला विचारलं, "सुई कौन से दिन लगती है?"

दादा म्हणाला, शुक्रवारी. दर शुक्रवारी एक, सोमलाची सुई, वर्षभर. मध्ये सोडायची नाही, बरं वाटलं तरी.

"शुक्रवार को हमारी दुकान आधा दिन रहती है," दुलीचंद म्हणाले. "श्यामलाल ले जाएगा." आणि मग आईकडे वळून, अगदी व्यवहारी आवाजात, लग्नाला किती पानं उठतील हे विचारू लागले.

लग्न ज्येष्ठात झालं. आईला मंगलाष्टकांत रडू आवरेना, ते मुलीसाठी म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. दादाला त्याच मांडवात दोन स्थळं सांगून आली. त्यानं दोन्हींना स्वतः नाही म्हटलं. डॉक्टर साफ म्हणेपर्यंत नाही, एवढंच आम्हाला म्हणाला. सुमित्राबाईंनी गावात सांगितलं की पोरगा बहिणीच्या लग्नानं खचला.

आता मी बोर्डिंगात परत आले आहे, आणि दर शुक्रवारी शाळा सुटली की निर्मलाबाईंच्या परवानगीनं त्या दवाखान्यात जाते. ताईचा नवरा म्हणजे आमचे भाटवे. दादा गाडीतून उतरतो तेव्हा भाटवे स्टेशनवर उभे असतात. दोघं बाकावर बसून शेंगदाणे खातात, धानाच्या भावाची चर्चा करतात, आणि सुई टोचायच्या वेळी दादा अजूनही डोळे मिटून त्यांचा हात धरतो. गोंदियात बोलतात की साले-भाटवे असावेत तर असे. ईश्वरदास आता "गरमीवाले" ओरडत नाहीत. छत्रीवाल्या म्हाताऱ्यांचा परिणाम.

मागल्या शुक्रवारी गेले तर बाकावर तिघं होते. तिसरा बिसराम, दादाच्या मिलमधला, रायपूरला त्याच्याबरोबर जायचा तो. बिसराम बाकाच्या अगदी काठावर बसला होता आणि उठायच्या बेतात होता. तो म्हणत होता की हे पाह्य माझ्या अंगावर, हे पाह्य हात, कुठंच काही नाही, मी जातो, उगीच कायले?

दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"मलेबी काही नोयतं," तो म्हणाला. "बस."